वहीतले देणे



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चहा असतो. कॉफी असते ती पाहुण्यापुरती. आमच्या घरीही तसेच. फडताळाच्या वरच्या फळीवर एक छोटी बरणी, आणि कुणी शहरातले आले तर दुधातली कॉफी, वर थोडे किसलेले जायफळ. दिंडीत तर कॉफीचा विषयच नाही. पहाटे चहाचे पातेले चढले की अर्धी दिंडी त्या वासाने जागी होते. तेव्हा कॉफीवर या अंकात पाने खर्ची घालणारा हा कोण, असे आपणांस वाटले तर मी रागावणार नाही. मला सांगायचे आहे ते वांग्याविषयीच आहे. पण ते मला कॉफीच्या एका पुडीमुळे कळले.

मी २२ वर्षे आमच्या दिंडीची कोठी सांभाळतो. माणसे २०० च्या आसपास. शिधा आधी भरून घेतो, भाजी मात्र वाटेत घ्यावी लागते. स्वस्तात भाजी आणणारा म्हणून माझे नाव आहे, आणि खोटे कशाला सांगू, त्या नावाचा मला अभिमानही होता. विणेकरी महाराज चारचौघांत म्हणत, “आपले कोठीवाले बसले की व्यापाऱ्याला घाम फुटतो.” मी मनातल्या मनात सुखावायचो.

दोन आषाढींपूर्वी नातेपुत्याच्या मुक्कामी एक आजी वांगी घेऊन आली. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. वांगी ताजी, देठाला काटे, सकाळीच तोडलेली. ४० किलो होती. ती ३० रुपये किलो म्हणाली. मी १५ म्हणालो. ती म्हणाली, “माउली, तोडणीचं तरी निघूं द्या की.” मग मी जे बोललो ते आपणांस सांगायला आज जीभ अडखळते. मी म्हणालो, “आजी, माउलींच्या दिंडीला देतेस. बाजारात विकशील त्याचं पुण्य लागणार आहे का?”

१८ रुपयांवर सौदा ठरला. मी ७२० रुपये मोजून दिले. तिने ते पदराला बांधले आणि वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. वारकऱ्याच्या पायावर डोके ठेवायची रीत आहे, मीही तिला वाकून नमस्कार केला, आणि दोघे आपापल्या वाटेने गेलो. रात्री भाजी झकास झाली होती.

माझ्या मनाला तेव्हा काहीही लागले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मी तेव्हापासूनच तळमळत होतो असा समज व्हायला नको.

त्यानंतरच्या दिवाळीत धाकटी मुलगी आली. ती नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला असते. तिने आईसाठी कॉफीची पुडी आणली. पुडीवर काळ्या चौकोनात निळी-हिरवी खूण, कुणी हात उंच करून उभे असावे तशी. मी विचारले तेव्हा म्हणाली, “आप्पा, ही खूण असली म्हणजे शेतकऱ्याला ठरलेल्या भावापेक्षा कमी दिलेलं नाही. साध्या पुडीपेक्षा ही दीड-दोन युरोनं महाग असते.”

मी सवयीने विचारले, “घासाघीस केलीस की नाही?”

ती हसली. “ती पुडी मी घेतेच मुळी घासाघीस होऊ नये म्हणून.” आणि मग सहज, पुडी फोडता फोडता, “तुम्ही दिंडीसाठी भाजी घेता ती कशी घेता हो?”

मी तिला वांग्याची गोष्ट सांगितली. अगदी ऐटीत सांगितली. ती काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला झोंबले, म्हणून ती खूण काय भानगड आहे ते नीट समजून घेतले. ते आपणांसही सांगतो, कारण त्यात आपल्या ओळखीचे बरेच आहे.

मेक्सिको देशात वाहाका नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथले आदिवासी शेतकरी चार-दोन एकरांत कॉफी लावतात. कॉफीचे फळ पिकले की बोराएवढे लाल होते. ते एकेक हाताने खुडायचे, साल काढायची, बी धुऊन वाळवायचे. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी निघते. ते विकायला बाजार लांब, रस्ता नाही, म्हणून दारात येईल त्या दलालाला द्यायचे. तिकडे या दलालाला लोक ‘कोयोते’ म्हणतात, म्हणजे कोल्ह्यासारखे एक जनावर. आपल्याकडे कुणी असे नाव ठेवले नाही एवढेच.

या शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत आपला संघ काढला. फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचे एक डच पाद्री त्यांच्यातच राहून काम करत होते. निको रोझेन हे हॉलंडमधल्या एका मदतसंस्थेचे. या दोघांनी मिळून १९८८ साली हॉलंडच्या दुकानांत रास्त भावाचा शिक्का असलेली कॉफी आणली. शेतकऱ्यांचे म्हणणे होते ते आपल्या कुठल्याही शेतकऱ्याचे असेल तेच: दान नको, मालाचा दाम द्या. शिक्क्याचे नाव ठेवले ‘मॅक्स हावेलार’. ही १८६० सालची एक डच कादंबरी. त्या काळी जावा बेटावर डच सरकार कुळांना सक्तीने कॉफी पिकवायला लावी; आपल्याकडे बंगालात निळीचे झाले तसे. तो जाच तिथल्याच एका माजी अधिकाऱ्याने त्या कादंबरीत जगापुढे मांडला होता.

शिक्का आला आणि पुढच्याच वर्षी, १९८९ च्या जुलैत, कॉफीचा भाव सावरून धरणारा देशोदेशींचा कोट्याचा करार मोडला. भाव निम्म्यावर आला. २००१ साली तर पौंडाला, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमला, अमेरिकेचे ५० सेंटही मिळेनात. तेव्हा या खुणेच्या कॉफीला १२६ सेंट मिळत होते. २०२३ साली अरेबिका कॉफीचा किमान भाव १८० सेंट झाला, आणि त्यावर २० सेंट गावाच्या आणि संघाच्या कामासाठी वेगळे.

हे ऐकून मला वाटले, झाले, सुटला प्रश्न. पण मुलीनेच माझा उत्साह खाली आणला. सगळी कॉफी या भावाने खपत नाही, कारण जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक थोडे. उरलेली पुन्हा बाजारभावानेच जाते. खुणेसाठी तपासणीचा खर्च संघाला सोसावा लागतो. आणि ज्याच्या नावावर शेत नाही, जो दुसऱ्याच्या शेतात फळे खुडतो, त्याचे काय? लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडात हेच पाहिले आणि २०१४ साली सांगितले, की खूण असलेल्या भागातही मजुरांच्या हाती इतर ठिकाणांपेक्षा जास्त काही पडत नव्हते. शिवाय भाव चढला की किमान भावाला अर्थ राहत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती.

म्हणजे खूण म्हणजे काही परीस नव्हे. तरी एक गोष्ट त्यातून सुटत नाही. शेतकऱ्याला एवढ्याखाली द्यायचे नाही, अशी एक रेघ कुणीतरी ओढली आणि घेणाऱ्याने ती मानली. माझ्या वांग्यांना अशी रेघ कुठे होती? मी तर आजीच्या तोंडाकडे बघत बघत खाली जात होतो, ती कुठे रडकुंडीला येते ते बघत.

कुणी म्हणेल, परदेशातल्या कॉफीचे आपल्याला काय? तर माउली, कॉफी काही इतकी परदेशी नाही. आपल्या मेळघाटात चिखलदऱ्याला ती होते. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी ती लावतात आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि कॉफी सोडून द्या, कांदा घ्या. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा बाजारात नेला. किलोला एक रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश आला, तोही पुढच्या तारखेचा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आपण पाहिला असेल. मीही पाहिला होता. व्यापाऱ्याला शिव्याही दिल्या होत्या.

तुकोबारायांच्या घरात वाण्याचा धंदा होता, सावकारी होती. दुष्काळाने होरपळल्यावर त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, हे आपण कीर्तनात किती वेळा ऐकले असेल. मी ते ऐकताना दर वेळी डोळे पुसतो. आणि त्याच वारीत, नातेपुत्याच्या मुक्कामी, देवाचे नाव तराजूच्या माझ्या बाजूच्या पारड्यात टाकून मी एका म्हातारीकडून किलोमागे १२ रुपये काढून घेतले. दिवाळीच्या त्या दिवसांत एका रात्री मी हिशेबाची वही काढली. ४० किलोचे ४८० रुपये. २०० माणसांत वाटले तर माणशी २ रुपये ४० पैसे. पूर्ण वाटचालीचे १८ दिवस धरले तर माणशी ४३ रुपये. एवढ्यासाठी.

माघ वारीनंतर दिंडीची बैठक झाली तेव्हा मी विषय काढला. म्हटले, भिशी ५० रुपयांनी वाढवू, आणि शेतकऱ्याकडून भाजी घेताना त्या दिवशीच्या जवळच्या बाजारातल्या भावाखाली जायचे नाही असे ठरवू. मला वाटले होते सगळे माना डोलावतील. जालन्याकडच्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “कोठीवाले माउली, माझा कापूस व्यापाऱ्यानं पडत्या भावात नेला. त्याच पैशातनं मी भिशी भरते. मला कुणी भाव दिला न्हाई, आन् मीच दुसरीला भाव द्यायचा म्हंता?”

बैठक गप्प झाली. माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. हॉलंडमधली माणसे भरल्या पोटी कॉफी पितात, त्यांना दीड युरो जड नाही. आमच्या दिंडीत घेणाराही शेतकरी आणि देणाराही शेतकरी. विणेकरी महाराज बराच वेळ डोळे मिटून बसले. मग मावशींनाच म्हणाले, “मावशी, तुम्ही म्हणाल तसं.” मावशी चिडल्या. “म्या कुठं नगं म्हनलं? म्या इचारलं.” शेवटी ठरले ते असे: ज्याला झेपेल त्याने ५० द्यावे, ज्याला झेपणार नाही त्याला कुणी विचारू नये. मावशींनी सगळ्यांत आधी दिले. मला ते घेताना बरे वाटले नाही.

गेल्या आषाढीत तसे केले. सगळे सुरळीत झाले असे समजू नका. लोणंदजवळ एका माणसाकडून शेतकरी म्हणून चांगल्या भावाने कोबी घेतला. नंतर कळले की तो सकाळी बाजारातूनच उचलून आणत होता. महाराज दोन दिवस मला ‘कोबीवाले माउली’ म्हणत होते. फलटणच्या पुढे एका शेतकऱ्याला विचारलेल्या भावानेच पैसे दिले तर तो संशयाने बघायला लागला, नोटा उलटसुलट करून पाहिल्या.

नातेपुत्याला पोहोचलो तेव्हा मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ४८० रुपये वेगळे ठेवले होते. मुक्कामावर आल्याबरोबर मागच्या वर्षीच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. मेथीवाले आले, मिरचीवाले आले, आजी आली नाही. दुसऱ्या एका बाईला खुणा सांगून विचारले. ती म्हणाली, “ती व्हय? तिनं यंदा वांगं केलंच न्हाई. लावायला परवडंना म्हनली. मका केलाय सगळा.” घर कुठे ते तिलाही नीट सांगता येईना, पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवर, म्हणाली. मी निघायला बघत होतो तोवर पंगत बसली, वाढपी कमी पडले, आणि पहाटे तर पालखी हलली.

ते पैसे आणून पुन्हा वहीत ठेवले आहेत. पानावर लिहिले आहे: नातेपुते, वांगी ४० किलो, देणे ४८०.

येत्या आषाढीला आपली दिंडी त्या बाजूला उतरली, आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेली, बुटकी, बोलताना पदर दातांत धरणारी एखादी आजी भेटली, तर तिला विचारून ठेवा, माउली, दोन वर्षांपूर्वी वांगी घेऊन आली होती का ती. नातू आता जरा उंच झाला असेल. मी मागून येतोच आहे.