पाटांखालची नळी

चंदीगडच्या घरांनी विचार केलाय तो उन्हाळ्याचा. ल कॉर्बुझिएने 1951 मध्ये या शहरासाठी हवामानाचा तक्ताच मांडला होता. ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे, विटांच्या जाळ्या, खोल व्हरांडे त्याच विचारातले. थंडीत मात्र या घरांत हुडहुडी भरते. जानेवारीच्या रात्री पारा 4-5 अंशांवर येतो, धुकं पडलं की दुपारीही ऊन नाही. आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. भाजी निवडायची तर ती खालीच बसणार. हीटरची ऊब वर छताकडे जाते, जमीन गारठलेलीच. म्हणून तिच्या खोलीत जमिनीच्या लाकडी पाटांखालून गरम पाण्याची नळी फिरवायची ठरवली.

स्लॅबवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधल्या गाळ्यांत उष्णता अडवणाऱ्या फोमचे जाड तक्ते बसवले. पट्ट्यांवर अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यांच्या खाचेत 16 मिलिमीटरची पेक्स प्लॅस्टिकची नळी. खरं काम या खाचेत आहे. नळी पत्र्याला आणि पत्रा पाटाला चिकटून हवा. मध्ये बोटभर पोकळी राहिली तरी ऊब अडते, कारण स्थिर हवा उष्णता फार कमी पुढे देते. नुसती नळी क्लिपांनी टांगून भागेल, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. मी पत्र्यांवर अडून बसलो, आणि आजही तसाच बसेन.

पण नळी करकचून आवळायचीही नाही. 10 मीटरची सरळ नळी 25 अंशांनी तापली की साधारण 4 सेंटिमीटर वाढते. तिला सरकायला जागा नसेल तर ती खाचेतून वर उठते, रात्री टकटक आवाज करते. म्हणून दोन पत्र्यांमध्ये थोडी फट ठेवली, टोकाची वळणं पत्र्याबाहेर मोकळी सोडली.

पाट ठोकताना नळीत दाबाखाली पाणी भरून ठेवलं होतं आणि मिस्त्रीची नजर दर खिळ्यागणिक दाबमापकावर. “काटा पडला की हात थांबवायचा,” तो पोराला बजावत होता. नळीला खिळा लागलाच तर ते तिथल्या तिथे कळावं, पाट बंद झाल्यावर नव्हे. या माणसाचा मला फार आदर वाटला.

पाणी एकदम तापवलं नाही, रोज थोडं थोडं वाढवत नेलं. लाकूड घाईने सुकलं तर सांधे उघडतात. पाटांचा पृष्ठभाग 27 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे बंधन कायमचं. तेवढ्यावर आईचे गुडघे बोलत नाहीत. नळीचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, पुढे कुणी सुतार आला तर त्याने आधी तो पाहावा म्हणून.