शेवटची गाडी

आधीच सांगून टाकतो, माझं मराठी म्हणजे 'कॉन्व्हेंट मराठी'. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मराठी विभागाचे संपादक माझे रूम पार्टनर आहेत. "काहीही लिही, पण रविवारपर्यंत दे," असा त्यांचा हुकूम झाला, म्हणून हे प्रवासवर्णन. गंमत म्हणजे या प्रवासात मी स्वतः हॉस्टेलच्या कॉटवरून हललोसुद्धा नाही!

माझे दाजी फिजिऑलॉजी शिकवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ते साबा नावाच्या बेटावरच्या मेडिकल कॉलेजात रुजू झाले. मेसमध्ये हे सांगितलं तेव्हा एकाने "साबण?" असं विचारलं होतं. साबा म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक चिमुकलं बेट. क्षेत्रफळ अवघं १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास, आणि २०१० पासून नेदरलँड्सची एक विशेष नगरपालिका. आमच्या साताऱ्याचा आणि साबाचा अक्षांश जवळजवळ एकच आहे, साडेसतरा अंशांच्या किंचित वर. म्हणजे नकाशावर साताऱ्यापासून सरळ पश्चिमेला पट्टी ठेवली, तर ती अरबस्तान, आफ्रिका आणि अख्खा अटलांटिक ओलांडून साबाला टेकते.

डिसेंबरात ताई आणि अडीच वर्षांची चिऊ तिकडे जाणार होत्या. ताईचा हा पहिलाच विमानप्रवास. तिकीट कोण काढणार? अर्थात घरातला 'इंजिनिअर'! म्हणजे मी. थर्ड इयरला असल्यामुळे मला सगळं येतं, असा घरच्यांचा समज आहे. (केटी लागलेली त्यांना अजून माहीत नाही.)

साबाला भारतातून थेट काहीच जात नाही. आधी शेजारच्या सेंट मार्टिन बेटावर उतरायचं आणि तिथून छोट्या विमानाने साबा. हा शेवटचा टप्पा जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचा. पॅरिसहून किंवा अ‍ॅमस्टरडॅमहून सेंट मार्टिनला थेट विमानं येतात, ती दुपारी उतरतात. पण ती महाग होती. रात्री दोन वाजता मला एक स्वस्त मार्ग सापडला. युरोपनंतर आणखी एका बेटावर विमान बदलायचं आणि रात्री ८.४० ला सेंट मार्टिनला उतरायचं. तब्बल अठरा हजार रुपये वाचत होते! बारा मिनिटांचं तर अंतर, सातारा-पुणे गाड्यांसारखी तासा-तासाला विमानं असतील, असं मी गृहीत धरलं.

घरी फोन करून ही खूशखबर दिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तिथली शेवटची गाडी किती वाजता आहे?"

इथे सांगायला हवं, की माझे बाबा सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती बंद पडली, कोणाची पुढची गाडी चुकणार, हे त्यांना झोपेतही कळतं. आणि मी त्यांना काय म्हणालो?

"बाबा, ते विमान आहे. एसटी नाही."

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी पेमेंट केलं.

दुसऱ्या दिवशी साबाच्या छोट्या विमानाचं तिकीट काढायला बसलो आणि पोटात गोळाच आला. संध्याकाळनंतर एकही विमान नाही. दाजींना फोन लावला, तर ते म्हणाले, "अरे, इथे प्रवासी विमानं दिवसाउजेडीच उतरतात. धावपट्टी बघितली आहेस का?"

मग मी बघितली. मित्रांनो, साबाची धावपट्टी फक्त ४०० मीटर लांब आहे. आपल्या ग्राउंडचा रनिंग ट्रॅक सरळ केला तर जेवढा होईल तेवढीच. मुंबईची मोठी धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे. साबाच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र, तर एका बाजूला उभा डोंगर. जेट विमानांचं तिथे कामच नाही. जातं ते ट्विन ऑटर नावाचं एकोणीस जणांचं पंख्याचं विमान. त्याचे पंख आणि फ्लॅप असे असतात की ते अगदी कमी वेगातही हवेत तरून राहतं. आणि टेकल्यावर पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा फिरवला की तो पंखाच विमानाला मागे रेटतो. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर देऊनही मला हे माहीत नव्हतं!

बोट आहे, पण तीही रात्री नाही. तिकीट रद्द करावं तर वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त कापले जाणार. अनोळखी बेटावर, रात्री, लहान पोरीला घेऊन ताई एकटी... मला जेवण गेलं नाही.

शेवटी शनिवारी सातारा गाठलं आणि बाबांना सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, अशी तयारी ठेवली होती. बाबांनी चष्मा लावला, वही घेतली आणि पानाच्या अगदी तळाला लिहिलं, 'साबा'. मग तिथून वर चढत गेले.

"बामणोलीच्या पलीकडच्या गावाला जायचं असलं तर साताऱ्याहून गाडी कधी सुटते हे कोणी आधी बघत नाही," ते म्हणाले. "आधी लाँच बघायची. ती गाठायची तर बामणोलीला कधी पोचायचं, आणि मग साताऱ्याची गाडी. शेवटाकडून मागे यायचं."

मग प्रश्न सुरू झाले. पहिलं विमान लेट झालं तर पुढच्याला कोण थांबवणार? कोणीच नाही, कारण साबाचं तिकीट वेगळं. बॅगा थेट साबाला जातील? नाही, सेंट मार्टिनला उतरवून पुन्हा द्याव्या लागतील. छोट्या विमानात वजन किती चालतं? हे मी पाहिलंच नव्हतं, आणि आईने तर मेतकूट, चकल्या, लोणचं सगळं बांधून ठेवलं होतं! एकेका प्रश्नाला माझं तोंड छोटं होत गेलं.

"मग आता ही मुक्कामी गाडी समजायची," बाबा म्हणाले. "दाजींना म्हणावं, दिवसाच्या विमानाने सेंट मार्टिनला येऊन थांबा. रात्री तिथेच मुक्काम, सकाळी तिघंही साबा." हॉटेल आणि दाजींचं जाणं-येणं धरून अठरा हजारांच्या वर खर्च झाला. मी पैशांचं काढलं, तर म्हणाले, "हिशोब नंतर. आधी माणसं पोचू देत."

प्रत्यक्षात शेवटचं विमान जवळजवळ दोन तास लेट झालं. सेंट मार्टिनला रात्रीचे साडेदहा वाजले, तेव्हा आपल्याकडे सकाळचे आठ. बाबा ड्यूटीवर होते. माईकवर गाडीची घोषणा करायचे आणि लगेच मला फोन. "गाडी लागली का?" असं त्यांनी सहा वेळा विचारलं. सातव्या वेळी मी म्हणालो, "लागली बाबा. दाजी समोरच उभे आहेत." पलीकडून काही वेळ फक्त स्टँडचा गोंगाट ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. विमान टेकल्यावर तिने डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि चिऊ म्हणत होती, "पुन्हा!"

दाजींनी नंतर साबाची एक गोष्ट सांगितली. या बेटावर रस्ता होऊच शकत नाही, असं डच इंजिनिअर म्हणाले होते. तेव्हा तिथल्याच जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या माणसाने पत्राद्वारे इंजिनिअरिंगचा कोर्स केला आणि १९३८ पासून गावकऱ्यांना घेऊन हातांनी रस्ता बांधायला घेतला. तो रस्ता आजही वापरात आहे. विमान तिथे उतरू शकतं हे १९५९ मध्ये रेमी द हानेन या वैमानिकाने उतरूनच दाखवलं, तेही गावकऱ्यांनी हातांनी दगड वेचून साफ केलेल्या जागेवर. विमानतळ झाला तो १९६३ मध्ये.

हॅसेलची गोष्ट ऐकताना मला सारखे बाबाच आठवत होते.

शाळेत दरवर्षी फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहावा लागायचा. मी 'ट्रान्सपोर्ट' एवढंच लिहायचो. वाचणाऱ्याला वाटावं, चार-दोन ट्रक असतील. पुढच्या वर्षी प्लेसमेंटचे इंटरव्ह्यू आहेत. तिथे कोणी विचारलंच, तर पूर्ण सांगणार आहे. माझे वडील सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत, आणि प्लॅनिंग मी त्यांच्याकडून शिकलो.

तेवढं केटीचं मात्र अजून सांगायचं राहिलंय. हा अंक घरी नेण्याआधी सांगावं लागणार!