पाण्याचे वजन

आमच्या घरातील औषधांच्या डब्यात एका गोळीला अनेक वर्षे मानाचे स्थान होते. तिचे शास्त्रीय नाव फ्युरोसेमाइड. परंतु घरातील लहानथोर तिला ‘लघवीची गोळी’ एवढेच म्हणत. आमच्या वडिलांचे हृदय अशक्त झाले होते. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय सुजत, घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राही आणि रात्री तीन उशांना टेकून बसल्याखेरीज त्यांना श्वास पुरत नसे. डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली आणि काही दिवसांतच ते पुन्हा आडवे होऊन झोपू लागले. त्या इवल्याशा गोळीविषयी आमच्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नव्हती.

म्हणूनच वडिलांच्या निधनानंतर काही दिवसांनी आमच्या भाच्याने उरलेल्या गोळ्यांची चौकशी केली, तेव्हा आम्ही उभयतां चकित झालो. तो व्यायामशाळेत घाम गाळणारा, धट्टाकट्टा तरुण. शरीरसौष्ठव स्पर्धा चार दिवसांवर आली होती. “मामा, कातडीखालचं पाणी उतरलं की स्नायू उठून दिसतात. दोनच गोळ्या द्या,” तो म्हणाला. आम्ही नकार देताच त्याने विचारले, “आजोबांनी हीच गोळी इतकी वर्षं घेतली. त्यांना काय झालं?”

प्रश्न रास्त होता. वडीलकीच्या दराऱ्याने तो गप्प बसवणे सोपे होते, पण त्याने समाधान झाले नसते. डॉक्टरांच्या सहवासात इतकी वर्षे जे शिकलो, ते आम्ही त्याला सांगितले.

आपली मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सारा पुन्हा रक्तात परततो. दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो. आधी मीठ परत शोषले जाते आणि त्याच्यामागोमाग पाणी येते. ही गोळी मिठाची परतीची वाट अडवते. मग मीठ बाहेर जाते, त्याच्यासोबत पाणी जाते आणि पोटॅशियमही जाते. हृदयाचा ठोका नियमित पडण्यासाठी जे क्षार आवश्यक असतात, त्यांपैकी हा एक प्रमुख क्षार होय.

आजोबांच्या अंगात साचलेले पाणी जादा होते. ते काढणे हाच उपचार होता. तरीही रोज सकाळी त्यांचे वजन वहीत टिपले जाई आणि ठराविक काळाने रक्त तपासले जाई. निरोगी तरुणाच्या अंगात असे जादा पाणी नसतेच. त्यातून स्पर्धेपूर्वी पाणी पिणेही बंद केलेले असते. अशा वेळी गोळी जे पाणी ओढून काढते, ते गरजेचेच असते. रक्तदाब घसरतो, स्नायूंत गोळे येतात आणि कधी हृदयाची लयच बिघडते. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित शरीरसौष्ठवपटू हॉलंडमधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मरण पावला. पाणी उतरवण्याचा अतिरेक त्याच्या जिवावर बेतला, असे मानले जाते.

भाचा त्या स्पर्धेत गोळीविना उतरला. त्याला बक्षीस मिळाले नाही आणि काही आठवडे तो आमच्याकडे फिरकलाही नाही. तो रुसवा आम्ही सोसला.

वजनी गटांच्या खेळांतील मोह तर याहून मोठा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. काही तासांत दोन-तीन किलो उतरवून खालच्या गटात शिरायचे आणि वजन झाल्यावर पुन्हा पाणी प्यायचे, असा हा हिशेब. दुसरा उपयोग लबाडीचा. लघवी पातळ झाली की तिच्यातील अन्य निषिद्ध द्रव्यांचा माग काढणे अवघड होते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मित्को ग्राब्लेव्ह व अँगेल गेन्चेव्ह या बल्गेरियन भारोत्तोलकांच्या तपासणीत फ्युरोसेमाइड सापडले. दोघांची सुवर्णपदके काढून घेण्यात आली आणि त्यांच्या संघाने उरलेल्या स्पर्धेतून माघार घेतली. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या यादीत ही औषधे स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. खेळाडूला खरोखर आजार असेल, तर रीतसर परवानगी मागण्याची सोय मात्र आहे.

२०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरली. रात्रभर व्यायाम झाला, केसही कापले गेले, तरी वजन मर्यादेत आले नाही. तिथे औषधाचा प्रश्नच नव्हता. हातातोंडाशी आलेले पदक गेले, तरी तिची मान ताठ राहिली. त्या १०० ग्रॅमसाठी एक गोळी पुरली असती, असे म्हणणारे लोक आम्हांला भेटले. असल्या सल्ल्यांपासूनच आपली मुले जपायला हवीत.

या संदर्भात शेन वॉर्नची हकीकत आईबापांनी ध्यानात ठेवावी. २००३ च्या विश्वचषकासाठी तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचला होता. संघाचा पहिला सामना त्याच दिवशी व्हायचा होता आणि त्याच दिवशी जगाला कळले, की त्याच्या तपासणीत मूत्रल औषध सापडले आहे. बारीक दिसावे म्हणून आईने गोळी दिली, असे त्याने सांगितले. तरीही त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला, पण वॉर्न त्या संघात नव्हता. बंदी संपल्यावर, २००४ साली त्याने गॉलच्या मैदानावर आपला ५०० वा कसोटी बळी घेतला. म्हणजे त्याच्या गुणवत्तेला त्या गोळीची मुळीच गरज नव्हती.

आपल्या घरांत औषधे मायेपोटीच हातोहात फिरतात. ‘मला गुण आला, तूही घेऊन बघ’ म्हणणाऱ्या मावश्या आणि काकू कोणत्या कुटुंबात नाहीत? त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण चिठ्ठीवर ज्याचे नाव, गोळी त्याचीच, एवढा नियम प्रत्येक घराने पाळावा. रुग्ण गेला किंवा बरा झाला, की त्याची उरलेली औषधे डब्यात ठेवू नयेत. आणि मुलाने विचारलेच, तर नकारासोबत त्याचे कारणही सांगावे. कारण कळलेला मुलगा रुसेल, पण बाहेर दुसऱ्या कोणी तीच गोळी पुढे केली, तर ती घेण्यापूर्वी क्षणभर थांबेल.