पेटीतले बूट

मी मजुरीचा ठेकेदार. मोशी-चिखलीच्या पट्ट्यात गेली 19 वर्षं सेंट्रिंग, स्लॅब, वीटबांधकामाची लेबर कामं घेतो. यातली बरीच वर्षं माझा एक नियम होता. हेल्मेट, गमबूट, हातमोजे, जॅकेट मी आणून देणार, पण त्याचे पैसे कामगाराच्या हजेरीतून कापणार. हा नियम चुकीचा होता. तो माझ्या मनातून कसा उतरला, ते लिहून ठेवतो.

नियमामागे माझं एक म्हणणं होतं, आणि ते मला मनापासून पटलेलं होतं. नाक्यावरून आलेला माणूस महिनाभर टिकतो, आठवड्याची खर्ची घेतो आणि एक दिवस आपण दिलेले बूट पायात घालूनच दुसऱ्या साईटवर जातो. फुकट मिळालेल्या वस्तूची कुणाला कदर नसते, पदरचे पैसे गेले की माणूस ती जपतो. म्हणून चारही वस्तूंचे मिळून 900 रुपये मी दोन आठवड्यांत वळते करून घ्यायचो.

दीड वर्षापूर्वी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. नांदेडकडचा एक विशीतला पोरगा तीन आठवड्यांपासून बिगारी म्हणून कामावर होता. त्याने पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, वरून सुतळी. काँक्रीट घोट्याच्या वर येत होतं. मी ते पाहिलं. पण खाली मालाच्या गाड्या उभ्या होत्या, स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. मी काही बोललो नाही.

ओलं सिमेंट चुन्यासारखं खातं. सुरुवातीला काही जाणवत नाही, त्यामुळे माणूस काम करत राहतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला. मी पत्र्याच्या खोलीत गेलो, तर पोराच्या दोन्ही घोट्यांची कातडी सोलून निघाली होती आणि खालचं मांस लाल दिसत होतं. मी आधी ओरडलोच, "बूट कुठंयत? पैसे कापलेत ना मी त्याचे?"

त्याने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. बूट आत होते, दुकानाच्या पिशवीत, किमतीची चिठ्ठीही तशीच. तो म्हणाला, "मालक, नवे हायत. पैसे देऊन घेतलेत. सिमेंटात कशाला नासवू? गावाकडं नेतो. बाप रातच्याला पाणी द्यायला जातो, त्याला हुतील."

मला पुढे बोलवेना. पदरच्या पैशाची वस्तू माणूस जपतो, असं मीच म्हणत आलो होतो. त्याने ती जपली होती. रात्री लाइट येते तेव्हा बाप रानात जातो, अंधारात इंचू-काट्यावर पाय पडतो. पोराने आपल्या पायांपेक्षा बापाचे पाय महत्त्वाचे मानले. बूट त्याच्या पैशाचे होते, तेव्हा ते कुणाच्या पायात जावेत हे ठरवायचा हक्कही त्याचाच होता. तो हक्क मीच 900 रुपये घेऊन त्याला विकला होता.

पोरगा 16 दिवस पडून होता. दवाखान्याचं मी भागवलं, पण त्या दिवसांची हजेरी दिली नाही. तेव्हा तेवढंही सुचलं नाही.

मग हजेरीची वही घेऊन बसलो. माझ्याकडे पुरुषाची हजेरी 600, बाईची 450. म्हणजे 900 रुपये कापले की पुरुषाचा दीड दिवस जातो आणि बाईचे पूर्ण दोन दिवस. शिवाय बूट सगळे आठ-नऊ नंबरचे. घमेली वाहणाऱ्या बाया त्यात चिंध्या कोंबून चालायच्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायच्या, चुंबळही घरच्या कापडाची असायची. दोन दिवसांची मजुरी देऊन त्यांना मिळत होते न बसणारे बूट.

त्याच वहीत शटरिंग ऑइलचा खर्च होता. काँक्रीट चिकटून प्लेट खराब होऊ नये म्हणून आम्ही ऑइल लावतो. त्याचे पैसे कधी कुणाच्या हजेरीतून कापल्याचं मला आठवत नाही. ते दरातच धरलेले असतात. प्लेटच्या अंगाला लावायचं ते दरात, आणि प्लेट मारणाऱ्याच्या पायात घालायचं ते त्याच्या मजुरीतून.

कायदा मला अगदीच ठाऊक नव्हता असं नाही. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 सालचा होता, आणि सुरक्षेची साधनं पुरवायची जबाबदारी त्यातही काम देणाऱ्यावर होती. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत तर कामाच्या जागी सुरक्षेसाठी जे काही पुरवलं जाईल त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं स्पष्ट म्हटलंय. मी मात्र म्हणायचो, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर भरला जातो, कल्याणकारी मंडळ सुरक्षा संच देतं, मग मी का देऊ? पण मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला मागायला आलेल्यांना मी "उद्या बघू" म्हणत टोलवायचो, उद्या काही झालं तर माझी सही अंगाशी येईल या भीतीने. मंडळाकडे बोट दाखवायचं आणि तिथली वाटही अडवायची, हे दोन्ही मीच करत होतो.

आता दर देताना सुरक्षेच्या साधनांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहितो. 12,000 चौरस फुटांच्या कामाला, माणसं बदलतात हे धरून, 40 संच लागतात. 900 प्रमाणे 36,000 होतात, म्हणजे चौरस फुटाला 3 रुपये. चार आणि पाच नंबरचे बूटही आणतो. दाखल्यावर सही करतो. जे जुने लोक अजून माझ्याकडे आहेत, त्यांचे कापलेले पैसे परत केले. त्या पोराला 16 दिवसांची हजेरी पाठवली. एका बिल्डरच्या इंजिनिअरने दरातली साधनांच्या खर्चाची ती ओळ खोडली, तेव्हा ते काम मी सोडलं.

बूट अजूनही जातात. गेल्या महिन्यातच तिघं न सांगता गेले, बूट घालून. मुकादम विचारत होता, पुढच्यांचे कापायचे का? मी नाही म्हणालो. त्या तिघांचा कुठेतरी स्लॅब चालू असेल, आणि बूट पेटीत नसतील, पायात असतील.