मोहोर साहेबांची, शिक्षा दुसऱ्याला

“ते सगळं ठीक आहे हो, पण तिला संगणक येतो ना?” असा एकच प्रश्न चौकशी अधिकाऱ्यांनी मला केला, आणि तेवढ्यावर एका कंत्राटी मुलीची नोकरी गेली, ह्याचा संताप अद्यापि माझ्या मनातून गेलेला नाही.

भालकीकडील एका सहकारी संस्थेत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मूडल ही संगणकीय प्रणाली बसविली होती व तिची देखरेख मजकडे होती, एवढी पार्श्वभूमी पुरे. तिच्यात प्रशासक, व्यवस्थापक, शिक्षक, विद्यार्थी असे दर्जे असतात. आणि शिक्षकाचा दर्जा बहुधा एखाद्या पाठ्यक्रमाच्या हद्दीपुरताच दिला जातो, जसा एका तालुक्याच्या तहसीलदाराचा हुकूम शेजारच्या तालुक्यात चालत नाही. आमच्या साहेबांनी प्रशासकाचा संपूर्ण इख्तियार आपल्याकडे ठेवला, आणि कळफलकाला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटत असल्यामुळे त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मेजाच्या काचेखाली सरकवून दिला.

तपासणीच्या आदल्या रात्री रोकड हाताळणीच्या परीक्षेतील नापास मंडळी एकाएकी उत्तीर्ण झाली. नोंदीत नाव साहेबांचे. कैफियत मात्र मागितली गेली ती आळंदहून आलेल्या त्या मुलीची. तिला शिक्षकाचा दर्जा होता तो केवळ नवागतांच्या पाठ्यक्रमात. रोकडीच्या परीक्षेतला एक गुणही तिच्या खात्यावरून हलविता येणे शक्य नव्हते, हे मी नोंदींच्या प्रती जोडून, दर्जांचा तक्ता मांडून, पुन्हापुन्हा निवेदन केले. काचेखालची चिठ्ठी तिने वाचली असेल, हे मान्य. पण शिपायापासून संचालकांपर्यंत ती कोणी वाचली नव्हती?

ह्यावरून बीदरचा वजीर महमूद गवान आठवतो. ज्याचा १४७२ चा मदरसा आजही उभा आहे, त्याने बहमनी राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या आणि एका तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बड्याबड्यांचे अधिकार आखडले. पुढे त्याच्याच मोहोरदाराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेण्यात आला, त्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला गेला, आणि १४८१ मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. तेथे निदान ज्याची मोहोर त्यालाच जाब विचारला गेला; आमच्याकडे तेवढेही झाले नाही!

ह्यानंतर प्रत्येकास स्वतंत्र खाते, परीक्षकास गुणांपुरता आणि शाखाधिकाऱ्यास अहवालांपुरता अधिकार, असा कडक बंदोबस्त माझ्याच आग्रहाने झाला. परंतु खरे सांगायचे तर त्याचा मलाच लवकर उबग आला. औरादच्या शाखेत नवा माणूस रुजू व्हावा, त्याचे नाव पाठ्यक्रमात घालण्याचा अधिकार असलेला एकमेव गृहस्थ रजेवर असावा, आणि नवागताने रिकाम्या पडद्यासमोर बसून राहावे, असे वारंवार घडू लागले, तेव्हा ती काचेखालची चिठ्ठीच बरी होती, असे मी उघडपणे बोलूनही गेलो. एका कामावर दोन माणसे नेमावीत, ही माझी सूचना खर्चाच्या सबबीखाली दप्तरदाखल झाली.

साहेबांचे प्रशासकपद मात्र अबाधित आहे. आपला नवा पासवर्ड ते नित्य विसरतात आणि तो बदलून द्यावा म्हणून शिपायाला माझ्याकडे पिटाळतात.