पुढचा मुक्काम विचारत

गौलीगुड्याचा जुना बसअड्डा 5 जुलै 2018 च्या सकाळी कोसळला. पत्र्याच्या अर्धगोल छताचा तो अवाढव्य सांगाडा विमानं ठेवायच्या हँगरचा होता. हैदराबादच्या मराठी माणसाला तो नुसता ‘गौलीगुडा’ म्हणून ठाऊक. निजाम सरकारच्या रेल्वे आणि रस्ते वाहतूक खात्याने 15 जून 1932 रोजी 27 गाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन बससेवा सुरू केली. त्या सेवेच्या इतिहासात या छपराचं नाव सुरुवातीपासून आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या 1994 नंतर मुसीकाठच्या महात्मा गांधी बसस्थानकात गेल्या आणि हँगरखाली शहरातल्या गाड्या तेवढ्या उरल्या. सांगाडा धोकादायक झाल्याचं लक्षात आल्यावर काही दिवस आधीच तिथली वाहतूक थांबवली होती, म्हणून त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही.

एकट्याने, काही न ठरवता परदेश हिंडण्याचा विषय निघाला की या बसअड्ड्याची आठवण येणं साहजिक आहे. उदगीर, बीदर, नांदेडकडून पहिल्यांदा शहरात उतरलेल्या माणसाला इथल्या पाट्यांवरचं तेलुगू वाचता येत नसे. उर्दू वाचता आलं तर ठीक, नाहीतर शेजारच्याला विचारायचं. तो मोडक्या दक्खनीत काहीतरी सांगणार, तेवढ्यावर पिशवी उचलायची, पुढच्या चौकात पुन्हा कुणाला तरी विचारायचं. परक्या मुलुखात एकट्याने फिरण्याचं मूळ कसब हेच. बाकी सगळं, म्हणजे पाठीवरची पिशवी, बूट, नकाशे, त्यानंतर येतं.

ठरवून न जाणं आणि तयारीशिवाय जाणं, या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. रस्ता मोकळा ठेवायचा तर हेतू घट्ट हवा. आज उलटंच दिसतं: कुठल्या दिवशी कुठलं हॉस्टेल, कुठली फेरी, कुठला धबधबा हे फोनमध्ये पक्कं असतं, आणि आपण इथे का आलो, हे मात्र धड सांगता येत नाही. हेतूची ही उणीव जास्त महाग पडते. ज्याला काय हवं ते माहीत नाही, त्याला रस्त्यात भेटणारा माणूस मदत तरी कसली करणार?

हेतू घट्ट आणि रस्ता मोकळा ठेवण्याचं मराठीतलं सगळ्यात लखलखीत उदाहरण बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचं आहे. गोव्यातल्या साखवाळात 1876 मध्ये जन्मलेला हा माणूस. शालेय शिक्षण बेताचं, घरची नारळाची बाग सांभाळणारा. 1897 च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि त्या धर्माचं मूळ जाणून घ्यायचा ध्यास घेतला. 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. हाताशी पैसा नव्हता, कुठे जायचं तेही पक्कं नव्हतं. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. तिथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत काशीला पोहोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने 1902 च्या सुरुवातीला नेपाळ गाठलं. काठमांडूत जे दिसलं त्याने निराशा झाली. तेव्हा बुद्धगयेला आले. तिथे भेटलेल्या भिक्षूने सांगितलं, पाली शिकायचं तर सिंहलद्वीपाला जा. मग कलकत्ता, मद्रास, आणि त्याच वर्षी कोलंबो.

या मार्गाकडे नीट पाहिलं तर कळतं की पुढचा मुक्काम दर वेळी आधीच्या मुक्कामावरच्या कुणीतरी सांगितलेला आहे. कोसंबींचं काम एवढंच होतं की प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारायचा आणि आलेल्या उत्तरावर चालू पडायचं. उत्तर चुकीचं निघालं तरी, जसं नेपाळचं निघालं, ते फुकट गेलं नाही. एक दिशा बाद झाली. भटकणं आणि शोधणं यांत फरक असेल तर तो या प्रश्नाचा आहे.

कोलंबोच्या मालिगाकंद भागातलं विद्योदय परिवेण, म्हणजे भिक्षूंचं विद्यालय, हिक्कडुवे श्री सुमंगल यांनी 1873 मध्ये स्थापन केलेलं. कोसंबी तिथे राहिले, श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले, सिंहली लिपीतून पाली ग्रंथ वाचायला शिकले. तिथलं खाणं मात्र त्यांना मानवलं नाही. तब्येत ढासळली आणि मद्रासला परतावं लागलं. तिथून ब्रह्मदेशची वाट उघडली. पुन्हा नवी लिपी, नवी भाषा, पुन्हा पोटाची तक्रार. मध्ये उत्तर भारतातली बौद्ध क्षेत्रं पाहून ते दुसऱ्यांदा ब्रह्मदेशात गेले. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मकथन 1924 मध्ये पुस्तकरूपाने आलं. परदेशात एकटं जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनी ते आधी वाचावं, असं मनापासून वाटतं. कारण त्यात साहसाचा बडेजाव नाही. शरीर किती वेळा आडवं येतं, ते सरळ लिहिलेलं आहे.

आणि खरंच, बिनठरावाच्या प्रवासात निर्णय सगळ्यात जास्त वेळा पोटच घेतं. परमुलुखात ताप आला की दोन दिवसांचा मुक्काम आठ दिवसांचा होतो. म्हणून अनुभवी फिरस्ता दोन गोष्टींना हात लावत नाही: घरी परतायच्या भाड्याचे पैसे, आणि आजारपणासाठी राखलेले दिवस. पहिल्या रात्रीची झोपायची जागा मात्र आधी ठरलेली असावी आणि तिथे शक्यतो उजेडात पोहोचावं. थकलेल्या, अंधारात उभ्या असलेल्या माणसाला समोर येईल त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. दिवसाउजेडी तो माणूस निवडता येतो. पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्यावा, कारण फोनची बॅटरी नेमकी संध्याकाळीच संपते. बाई एकटी फिरत असेल तर यातली प्रत्येक गोष्ट दुपटीने खरी. मीना प्रभूंनी उतारवयातही एकटीने देश पालथे घातले. ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही पुस्तकं वाचताना जाण्याआधी केलेला अभ्यास पानोपानी जाणवतो.

कोसंबी निभावले ते हिमतीच्या बळावर, हे अर्धंच खरं. बाकीचं अर्धं श्रेय अनोळखी माणसाला पानावर घेणाऱ्या संस्थांचं आहे. काशीची अन्नछत्रं, कोलंबोचं परिवेण, ब्रह्मदेशातले विहार. भिक्षूला दुपारनंतर जेवण नाही, वाडग्यात पडेल ते खायचं. पण उपाशी झोपायची वेळ सहसा येत नाही. एकट्या प्रवाशाच्या स्वातंत्र्याखाली अशा कित्येक परक्यांचे हात असतात आणि प्रवासवर्णनांत त्यांना फार थोडी जागा मिळते.

गौलीगुड्यात ही परंपरा आजही चालू आहे. इथल्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, आणि पंगतीत बसणाऱ्याला तू कोण, कुठला, कशासाठी आलास, असं कुणी विचारत नाही. गुरू नानक स्वतः मोठे फिरस्ते. त्यांच्या दक्षिणेतल्या वास्तव्याची खूण म्हणून बीदरच्या नानक झिऱ्याला लोक जातात. हाच धागा पार परदेशात पोहोचलेला आहे. बँकॉकच्या पाहुरात बाजारातल्या गुरुद्वाऱ्यात भारतीय बॅकपॅकर पोरं गरम पोळी-डाळीसाठी येतात. तिथे पोट तर भरतंच, पण व्हिसा कुठे वाढवायचा, रात्रीची गाडी कुठून सुटते, हेही पंगतीतच कळतं. नामपल्ली स्टेशनाजवळ निजामाच्या काळात बांधलेली सराईही अशाच, गावात कुणी ओळखीचं नसलेल्या उतारूंसाठी होती. असं एखादं ठिकाण त्या त्या शहरात कुठे आहे, एवढं जाण्याआधी शोधून ठेवलं तरी पुरे.

या सगळ्याची किंमत कुणीतरी मोजत असतं, हे सांगायला हवं. कोसंबी निघाले तेव्हा घरी बाळाबाई ही पत्नी होती आणि मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली. सात वर्षं बाळाबाईंनी माहेर-सासरच्या आधारावर काढली. नवरा जिवंत तरी आहे की नाही, हा घोर वेगळाच. कोसंबींच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हे नजरेआड करता येत नाही. ते 1906 मध्ये घरी परतले. पुढच्या वर्षी जन्मलेला मुलगा म्हणजे इतिहासकार दामोदर कोसंबी. पुण्याच्या आसपासचे डोंगर, खडक आणि ग्रामदैवतं पायी हिंडून धुंडाळणारा अभ्यासक. वडिलांचा चालण्याचा वारसा मुलाकडे आला. आईने घरात बसून जे सोसलं त्याची नोंद त्या मानाने फार थोडी झाली.

ठरवून गेल्यानेही सगळं ठरल्यासारखं होत नाही, हे कोकणातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या हकिकतीतून दिसतं. दक्षिणा मिळेल म्हणून ते 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी आतून पाहिला. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापलं गेलं. मनात योजना होती दक्षिणेची, हाती आली ती एका युगाची साक्ष.

आजच्या फिरस्त्यापुढची अडचण वेगळी आहे. शेंगेन व्हिसा मागायचा तर मुक्कामांचा तपशील, किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा, परतीचं आरक्षण असं सगळं अर्जासोबत द्यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर युरोपात मनाला येईल तसं फिरणं म्हणजे आधी कागदावर एक काटेकोर सहल रचणं. तरी माणसं निघतात. परभणी जिल्ह्यातल्या कातनेश्वरचा पत्रकार विष्णुदास चापके मार्च 2016 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला आणि तीन वर्षांनी परतला, बराचसा प्रवास जमिनीवरून करून. मराठवाड्याच्या खेड्यातून, घरच्या श्रीमंतीचा टेकू नसताना हे घडलं, याचं मोल मोठं आहे.

पहिल्यांदाच निघणाऱ्याला, विशेषतः हैदराबादहून, नेपाळ बरा. 1950 च्या करारामुळे भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्डावर मात्र विसंबू नये. शंभरावरच्या भारतीय नोटा तिथे कित्येक वर्षं चालत नव्हत्या, त्यामुळे निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावा आणि सुटे जवळ ठेवावेत. हैदराबादहून रक्सौलला थेट गाडी जाते. स्टेशनबाहेर टांगे आणि ई-रिक्षा उभ्या असतात, पलीकडे वीरगंज. तिथून काठमांडूला रात्रीच्या बसने जाऊ नये. डोंगरातला रस्ता आहे, सकाळची गाडी घ्यावी आणि खिडकीची जागा मागावी.