इतो-हेन

वडील पुण्याच्या मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागात दिवाणजी होते. सुट्टीत मी गाळ्यावर असायचे. दाभण, सुतळी आणि रिकामं बारदान हीच खेळणी. मशीनवर शिवलेल्या पोत्याचं नेमकं टोक हाती आलं की शिलाई सरसर उसवते, भलतं ओढलं की गाठ बसते, हे मला पाढ्यांच्या आधी आलं.

पुढे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला लागले. धाग्याची कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतलं अक्षर, 'इतो'. सहा रेघांची, जपानी मुलं ती पहिलीतच गिरवतात. मूळ चित्र रेशमाच्या पिळलेल्या लडीचं. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला बसली की तिला 'इतो-हेन' म्हणतात, आणि मग ती कुठेही भेटते: कागदात, रेघेत, चित्रात, शेवटात. वर्ग वैतागायचा. कागदाचं एक वेळ समजतं, तो चिंध्या आणि तंतू कुटूनच व्हायचा. पण पगारात दोरा कशाला?

मला त्यात यार्ड दिसायचं. पगार 'क्यूऱ्यो', करार 'केइयाकु', माल पोचल्याची चिठ्ठी 'नोहिनशो', सगळ्यांत कुठे ना कुठे इतो-हेन. 'कुमी' म्हणजे गट. त्यातही मूळ कल्पना दोरे गुंफण्याची. त्यावरून 'कुमिआइ', संघटना. ज्या बाजारात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पाठीवर पोती वाहणारी माणसं एकत्र बांधली, तिथल्या मुलीला हे अक्षर घोकावं लागलं नाही.

कापडाचंही तसंच. हिशेबाच्या वहीचं अक्षर 'चो'. डावीकडे कापड, उजवीकडे 'लांब'. मूळ अर्थ पडदा. वडिलांच्या खतावणीला लाल कापडाची बांधणी होती, त्यामुळे मला वही आणि कापड वेगळं काढताच आलं नाही. उजवीकडचं 'लांब' मात्र अर्थासाठी नाही, ते 'चो' हा उच्चार सांगायला आहे. कांजी शिकवणारे पुस्तकवाले त्यावरही गोष्ट रचतात. मला त्या गोष्टी कधी पटल्या नाहीत; गोष्टच लक्षात राहते, अक्षर जातं.

आता चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे, नोहिनशो रोज हाताखालून जातात. जुलैत किंवा डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: यादी पाठ करत बसू नका. डावा भाग विषय सांगतो, उजवा पुष्कळदा फक्त आवाज. आधी एक आठवडा नुसत्या इतो-हेनला द्या.